दमट हवेत कुत्र्याचे कूलिंग जॅकेट

कुत्र्यांसाठी मिळणारी बहुतेक कूलिंग जॅकेटे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात. कापड भिजवून, पिळून अंगावर चढवले की त्यातले पाणी उडताना उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी पूर्ण उडाले तर सुमारे २,४०० किलोज्यूल. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते, आणि रसायनीत अडचण नेमकी तिथे आहे.

खालापूर तालुक्यातले हे गाव पाताळगंगेच्या खोऱ्यात आहे. पनवेलच्या खाडीकडून येणारा वारा सोबत ओल घेऊन येतो. हवेचे तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओले कापड सावलीतही २८ अंशांच्या खाली उतरत नाही. नागपुरात पारा ४३ अंशांवर असला, पण आर्द्रता १५ टक्के असली, तर तेच कापड २३ अंशांपर्यंत निवते. म्हणून जॅकेट घेण्याआधी तापमानापेक्षा आर्द्रतेचा आकडा पाहावा. विदर्भातल्या श्वानपालकाने मनापासून केलेली शिफारस कोकणपट्टीत उपयोगी पडेलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या लॅब्रॅडॉरवर याचा प्रत्यय आला. मे महिन्यातली संध्याकाळ, मोहोपाड्याचा रस्ता, वारा पूर्ण पडलेला. भिजवलेले जॅकेट थोड्याच वेळात अंगाइतके गरम झाले आणि धाप कमी होण्याऐवजी वाढत गेली. जॅकेट उतरवून, पोटाला पाणी लावून पंख्याखाली बसवल्यावर ती आटोक्यात आली. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचे शरीर मुख्यतः धापेतून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून थंड होते. दमट हवेत हा मार्ग आधीच अपुरा पडतो. त्यात पाठीवरचे पाणी उडेनासे झाले की जॅकेट म्हणजे ओली गोधडीच.

तरीही घ्यायचेच असेल, तर फक्त पाठ झाकणारे घेऊ नये. पाठीवरची लव दाट असते, गारवा कातडीपर्यंत पोचत नाही. जर्मन शेफर्ड किंवा हस्कीसारख्या दुहेरी लवेच्या कुत्र्यांत तर नाहीच. छाती आणि पोटाखालून जाणारे, फिक्या रंगाचे, हवा खेळेल असे जॅकेट बरे. माप पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीभोवती टेप धरून घ्यावे आणि पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. काखेत घासणारी ओली शिवण दमट दिवसांत कातडी सोलवटते, म्हणून जॅकेट काढल्यावर अंग कोरडे करावे. थंड पॅक घालायचे जॅकेट आर्द्रतेवर अवलंबून नसते, म्हणून रसायनीसारख्या ठिकाणी तेच जास्त खात्रीचे. मात्र ते जड असते, पॅक वितळले की नुसते ओझे उरते, आणि बर्फ थेट कातडीला टेकता कामा नये.

पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या, लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना जॅकेटच्या भरवशावर उन्हात नेऊच नये. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजांसाठीही तो रस्ता नाही, आणि जॅकेटचा त्यावर काही इलाज नाही.

फिरताना धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सर्वात आधी जॅकेट उतरवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते. ४१ च्या वर गेले की जिवाला धोका. सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि हे करतच पशुवैद्याकडे न्यावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामाने तापलेल्या कुत्र्यांनी स्वतःहून पाण्यात डोके बुडवणे हा उपाय मानेवरच्या ओल्या टॉवेलपेक्षा आणि बर्फाच्या पॅकपेक्षा सरस ठरला. मात्र तो शुद्धीवर असलेल्या, आधी सराव दिलेल्या कुत्र्यासाठीच आहे. लटपटणाऱ्या कुत्र्याचे डोके पाण्यात दाबू नये.