एच.आय.व्ही. : पेशीत दडलेला विषाणू

हा विषाणू शरीराच्या रक्षक पेशींवरच घाला घालतो. सीडी४ पेशीत शिरून तो आपल्या आरएनएपासून डीएनए घडवितो आणि तो पेशीच्या गुणसूत्रांत गुंफतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. तिथे औषधाचीही मात्रा चालत नाही. म्हणूनच प्रकृती सुधारली तरी गोळ्या थांबविता येत नाहीत, हे पालकांनी विशेष ध्यानी घ्यावे. औषध नव्या पेशींची लागण रोखते, एवढेच. पण हे 'एवढेच' थोडे नव्हे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात (त्याचे एक केंद्र पुण्यातही होते) २०११ साली दिसून आले की, लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. एका पंक्तीत जेवल्याने तर ती पूर्वीही होत नव्हती.