ससाणा कोणाचा भाऊ?



आकाशात वाकड्या चोचीचा पक्षी दिसला की आपण 'हॉक' म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र घार, गरुड, शिक्रा, ससाणा असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवायला कारणही आहे.

१७५८ साली स्वीडनच्या लिनियसने गरुड, घार आणि ससाणा यांना 'फाल्को' या एकाच प्रजातीत घातले. पुढे ससाण्यांचे 'फॅल्कोनिडी' हे कुल वेगळे झाले, तरी गण (अनेक कुलांचा मोठा गट) बरीच वर्षे एकच धरत. चोच तशीच, नख्या तशाच, मग नातेवाईकच असणार! २००८ साली अनेक पक्ष्यांच्या डी.एन.ए.ची तुलना प्रसिद्ध झाली आणि निघाले भलतेच. ससाण्याचे जवळचे नातलग म्हणजे पोपट, आणि चिमण्या-कावळ्यांचा गण! गरुड आणि घार दूरचे. आता ससाण्यांचा गणही वेगळा मानतात.

मग दिसायला सारखे कसे? आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना याचे फारसे नवल वाटत नाही. दोन प्रोग्रॅमरांना एकच काम दिले, तर एकमेकांची वही न पाहताही उत्तर सारखे येऊ शकते. मांस फाडायचे तर वाकडी चोच हवीच.

नीट पाहिले की फरक सापडतो. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे टोक असते. भक्ष्य पायांत धरून तो चोचीने त्याची मान मोडतो. शिक्रा आणि गरुड नख्यांनीच मारतात. ससाण्याचे डोळे काळसर, मोठ्या शिक्र्याचे पिवळे किंवा लाल. फाल्को प्रजातीतले पक्षी घरटे बांधत नाहीत. कड्याच्या कपारीत किंवा कावळ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालतात. इथे अमेरिकेत ज्याला पेरेग्रिन म्हणतात तो आपला बहिरी ससाणा. त्याला न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि पूल कड्यासारखेच सोयीचे वाटतात. भक्ष्यावर सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

उलटा प्रकारही आहे. फ्लोरिडा आणि टेक्सासमधला काराकारा जमिनीवर चालतो, गिधाडासारखी मेलेली जनावरे खातो, घरटेसुद्धा बांधतो. पण कुल मात्र ससाण्याचेच!

घरचा अभ्यास: आजी-आजोबांना फोनवर विचारा, त्यांच्या गावी कोंबडीची पिल्ले कोणता पक्षी उचलून न्यायचा आणि त्याला ते काय म्हणत. नाव वहीत मराठीतच लिहून आणा. तो ससाणा होता का, हे आपण वर्गात मिळून ठरवू.