मुलांचे वाकडे दात आणि शिक्षकांचे लक्ष

“दुधाचा दात पडणारच आहे, मग त्याची काळजी कशाला?” असा समज खेड्यांतून पुष्कळ ठिकाणी आढळतो. जबड्याची ठेवण काही अंशी आनुवंशिक असते हे खरे. परंतु या समजामुळेही अनेक मुलांचे कायमचे दात वेडेवाकडे येतात.

दुधाचे दात वीस असतात. चर्वणाखेरीज त्यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवणे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात व किडली तरी दुर्लक्ष करतात. तिच्या पुढील दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, तर ही दाढ पुढे सरकते आणि दहाव्या ते बाराव्या वर्षी येणाऱ्या उपदाढेची जागा व्यापते. जागा न मिळालेला दात आडवा येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो. अशा मुलास वेळीच दंतवैद्याकडे नेल्यास तो जागा राखणारी तार बसवू शकतो.

दात बदलण्याचा हा काळ प्राथमिक शाळेतच जातो. म्हणून शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. दुधाचा दात न पडता त्याच्या मागे कायमचा दात येणे. दुधाचा दात हलत नसेल, तर तो दंतवैद्यास दाखवावा.
२. पाच-सहा वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय. तिच्यामुळे वरचे दात पुढे येतात. मुलास न रागावता ती सोडवावी.
३. सतत तोंडाने श्वास घेणे. अशा मुलाचे नाक व घसा तपासून घ्यावा.
४. मिटलेल्या तोंडात वरचे दात खालच्या दातांच्या आत बसणे.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसल्यास घाबरू नये. सुळे आल्यावर ती बहुधा आपोआप मिटते.

वाकडे दात सरळ करण्यासाठी तारेने सौम्य व सतत दाब दिला जातो. दाबाच्या दिशेचे हाड झिजते, मागे नवे हाड भरते व दात हळूहळू सरकतो. यास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात, वारंवार जावे लागते व खर्चही होतो. खेड्यातील मजुराच्या मुलास हे क्वचितच साधते. म्हणून आधीची दक्षता त्याच्या दृष्टीने अधिक मोलाची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीसाठी येते. तेव्हा अशा मुलांची यादी तयार ठेवावी व पथकाच्या सल्ल्याने त्यांना उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. विशेष उपचारांसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आठवड्याच्या बाजारात रस्त्यावर बसणाऱ्याकडून मुलाचा दात काढून घेऊ नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

दात पुढे असलेल्या मुलास वर्गात चिडविले जाते. मग ते हसणे सोडते, पुढे मोठ्याने वाचणेही टाळते. ही चेष्टा थांबविण्यास दंतवैद्याची आवश्यकता नाही. ते कार्य सर्वस्वी शिक्षकांच्या हाती आहे.