दरवाढ मागताना आणि देताना
(सेवा-करारांच्या फेरतपासणीचा एक पाठ)



नवे सत्र जवळ आले की शाळेच्या कार्यालयात काही अर्ज हमखास येऊ लागतात. बसचा ठेकेदार, सफाईची एजन्सी, रात्रीचा पहारा पुरवणारे, संगणकांची देखभाल करणारे असे सर्वजण थोड्याफार फरकाने एकच गोष्ट लिहितात : "महागाई फार वाढली आहे, तरी दर वाढवून मिळावा." अर्ज दोन ओळींचा असतो, पण त्याचा भार पालकांच्या खिशावर, सफाई करणाऱ्या बाईंच्या पगारावर आणि बसमध्ये बसणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेवर पडतो. म्हणून या अंकात आम्ही हाच विषय पाठासारखा घेत आहोत. सातवी-आठवीची टक्केवारी ज्यांना येते, त्यांना हा पाठ पूर्ण समजेल.

प्रथम एका शब्दाविषयी. आपण इंदूरकर मराठी मंडळी दोन भाषांत वावरतो. हिंदीत कायदेशीर कराराला 'अनुबंध' म्हणतात. मराठीत अनुबंध म्हणजे मनाचे नाते. दोन्ही अर्थ चांगले आहेत, पण त्यांची गल्लत करू नये. ठेकेदार वीस वर्षांचा ओळखीचा असला, तरी दर ओळखीवर ठरू नये. आणि हिशेब चोख ठेवल्याने ओळख तुटत नाही, उलट टिकते.

पहिला प्रश्न : भाव बदलला की काम बदलले?

दरवाढीचा अर्ज हाती आला की सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा. डिझेल महागले, पगार वाढले, टायर महागले, म्हणजे भाव बदलला. काम तेच राहिले. राऊकडे नवी वस्ती झाली आणि बस पाच किलोमीटर जास्त धावू लागली, म्हणजे काम बदलले. भाव तोच राहिला. या दोन गोष्टींची तपासणी वेगवेगळी करावी. दोन्ही एकाच अर्जात आणि एकाच आकड्यात आल्या, तर नेमके कशाचे पैसे आपण देत आहोत हे कोणालाच सांगता येत नाही.

भावातील बदल : सूत्राने मोजावा

सीतलामाता बाजारात साडी घेताना घासाघीस चालते. तेथे व्यवहार एकदाच होतो आणि संपतो. सेवेचा करार वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा दरवर्षी घासाघीस करून भागत नाही. त्यासाठी करारातच दरबदलाचे सूत्र लिहून ठेवावे लागते.

केंद्र सरकारच्या 'सामान्य वित्तीय नियम २०१७' मध्ये याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. हे नियम सरकारी खात्यांसाठी आहेत, आपल्यासारख्या खाजगी शाळेवर बंधनकारक नाहीत, पण नमुना म्हणून उत्तम आहेत. त्यांचा आशय असा : अल्प मुदतीच्या करारात दर पक्का ठेवावा, दरबदलाची तरतूद अठरा महिन्यांहून लांबणाऱ्या करारातच असावी. किंमत कोणत्या महिन्याच्या भावावर आधारलेली आहे तो महिना व वर्ष करारात लिहावे. किंमतीचे स्थिर भाग, साहित्याचा भाग आणि मजुरीचा भाग असे तुकडे करावेत; स्थिर भाग साधारण १० ते २५ टक्के असावा आणि त्यात बदल होऊ नये. वाढीला वरची मर्यादा असावी आणि अगदी किरकोळ फरकासाठी दर हलू नये.

आता उदाहरण करू. आकडे केवळ शिकण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका बसचा करार दरमहा ७२,००० रुपयांचा आहे. त्याचे भाग असे :

स्थिर भाग (कर्जाचा हप्ता, विमा, परमिट, नफा) : २० टक्के, म्हणजे १४,४०० रु.
डिझेल : ३० टक्के, म्हणजे २१,६०० रु.
चालक व मदतनीस यांचे पगार : ३५ टक्के, म्हणजे २५,२०० रु.
देखभाल व टायर : १५ टक्के, म्हणजे १०,८०० रु.

आधारमासात डिझेल ९० रुपये लिटर होते, ते आता ९९ झाले. ठेकेदार म्हणतो, "डिझेल १० टक्के वाढले, दरही १० टक्के वाढवा." म्हणजे तो ७९,२०० रुपये मागतो. बोलणे ऐकायला सरळ वाटते, पण डिझेल हा दराचा केवळ ३० टक्के भाग आहे. म्हणून डिझेलपोटी वाढ ३० च्या १० टक्के, म्हणजे ३ टक्केच. पगार ६ टक्के वाढले असतील तर ३५ च्या ६ टक्के, म्हणजे २.१ टक्के. देखभाल ४ टक्के महागली असेल तर १५ च्या ४ टक्के, म्हणजे ०.६ टक्के. एकूण वाढ ५.७ टक्के. ७२,००० वर ही वाढ ४,१०४ रुपये होते आणि नवा दर ७६,१०४ रुपये.

मागणी आणि हिशेब यांत दरमहा ३,०९६ रुपयांचा फरक पडला. दहा महिन्यांचे ३०,९६० रुपये झाले. बसमध्ये ४० मुले असतील तर प्रत्येक पालकाचे वर्षाला ७७४ रुपये. पाच मिनिटांच्या गणिताची ही किंमत आहे.

मात्र हेही ध्यानात घ्यावे की याच हिशेबाने ठेकेदाराला ५.७ टक्के वाढ न्यायाने मिळाली पाहिजे. "या वर्षी काहीच वाढ नाही" असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरते. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

आकडा कोठून घ्यावा?

सूत्रात घालायचा आकडा दोन्ही पक्षांना तपासता येईल असा असावा. १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला आणि १६ जून २०१७ पासून तो देशभर रोजच्या रोज ठरू लागला. म्हणून करारात "डिझेलचा चालू दर" एवढेच लिहिणे पुरेसे नाही; कोणत्या शहरातील, कोणत्या तारखेचा, की महिन्याची सरासरी, हे लिहावे लागते.

पगारांसाठी किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचना पाहाव्यात. केंद्र सरकार आपल्या अखत्यारीतील कामांसाठी बदलता महागाई भत्ता १ एप्रिल व १ ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा सुधारते. इतर खर्चासाठी पुष्कळ करारांत श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. येथे एक खाचखळगा आहे. सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून या निर्देशांकाचे आधारवर्ष २००१ ऐवजी २०१६ झाले आणि दोन मालिका जोडण्यासाठी २.८८ हा गुणक देण्यात आला. म्हणजे नव्या मालिकेतील १२० म्हणजे जुन्या मालिकेतील ३४५.६. हे ठाऊक नसेल तर जुना करार हाती घेऊन महागाई एकदम घसरली असे वाटेल! म्हणून करारात निर्देशांकाबरोबर त्याचे आधारवर्षही लिहावे.

करांचीही तपासणी करावी. उच्च माध्यमिकपर्यंतच्या शाळेला मिळणारी विद्यार्थी व कर्मचारी यांची वाहतूक, तसेच शाळेत दिली जाणारी सुरक्षा व सफाईची सेवा, यांना २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२/२०१७ अन्वये जीएसटीतून सूट आहे. अशा बिलात कर लावलेला दिसला, तर तो दरवाढीइतकाच मोठा बोजा असतो. बिल घेतानाच विचारावे.

कामातील बदल : लेखी बदलपत्र

आता बस रोज ५० ऐवजी ५५ किलोमीटर धावणार आहे. ठेकेदार म्हणेल, अंतर १० टक्के वाढले, दर १० टक्के द्या. म्हणजे सुमारे ७,६१० रुपये. पण विचार करा. महिन्याच्या २४ दिवसांत अंतर १२० किलोमीटर वाढले. बस लिटरला ५ किलोमीटर जात असेल तर २४ लिटर डिझेल, ९९ च्या भावाने २,३७६ रुपये. देखभालीचा वाढीव खर्च साधारण १,१२३ रुपये. चालकाचे कामाचे तास तेच राहिले तर पगार वाढत नाही. विमा आणि कर्जाचा हप्ता तर वाढतच नाही. म्हणजे न्याय्य वाढ सुमारे ३,५०० रुपये. परंतु या पाच किलोमीटरमुळे मदतनीस बाईंना रोज एक तास जास्त थांबावे लागणार असेल, तर त्या तासाचे पैसे हिशेबात आलेच पाहिजेत.

काम कमी झाले तरी हीच रीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा देशभर हा प्रश्न उभा राहिला. राजस्थानातील शाळांच्या फीविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी निर्णय दिला. न वापरलेल्या सोयींमुळे शाळांचा जो खर्च वाचला त्यापोटी २०२०-२१ च्या फीत १५ टक्के कपात करण्यास त्यात सांगितले. जे शाळा आणि पालक यांच्यात, तेच शाळा आणि ठेकेदार यांच्यात. आपल्या उदाहरणात बस महिनाभर उभी राहिली तर डिझेल व देखभालीचे ४५ टक्के वाचतात. पण चालक व मदतनीस यांना कामावर ठेवायचे असेल तर ५५ टक्के, म्हणजे ३९,६०० रुपये, हा खर्च राहतोच. "बंद काळातील दर" हे कलम आधीच लिहिलेले असले, तर संकटाच्या वेळी भांडण होत नाही.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ६२ मध्ये उभय पक्षांच्या संमतीने करारात बदल करता येतो असे म्हटले आहे. उभय पक्षांच्या, हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठेकेदाराने परस्पर बिल वाढवणे किंवा शाळेने परस्पर रक्कम कापणे, दोन्ही चालत नाही.

फेरतपासणीच्या पायऱ्या

१. तपासणी वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला करावी. अर्ज निदान साठ दिवस आधी, लेखी आणि कागदपत्रांसह यावा.
२. मूळ करार काढून आधारमास, भाग आणि मर्यादा वाचाव्यात. आठवणीवर विसंबू नये.
३. हिशेब दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावा आणि मग ताडून पाहावा.
४. बाजारातील आणखी तीन दर मागवावेत. ते ठेकेदार बदलण्यासाठीच असतात असे नाही. आपले सूत्र जमिनीवर आहे की नाही ते त्यावरून कळते.
५. वर्षभराची सेवा-नोंदवही पाहावी. बस किती वेळा उशिरा आली, मदतनीस किती दिवस नव्हती. चुकांची कपात करारात ठरल्याप्रमाणे वेगळी करावी, दरात मिसळू नये.
६. निर्णय सभेच्या इतिवृत्तात कारणांसह लिहावा. नवा दर पुढील तारखेपासून लागू व्हावा, मागील तारखेपासून नाही.
७. क्रमांक व तारीख घातलेले पुरवणीपत्र उभयतांच्या सह्यांनी मूळ कराराला जोडावे.
८. पालकांना एका पानाचा हिशेब द्यावा.

मतभेद झाला तर मान्य रक्कम वेळेवर द्यावी, वादाची रक्कम बाजूला ठेवावी आणि सेवा चालू राहावी. मुलांना रस्त्यावर उभे करून कोणीही वाटाघाटी करू नयेत, हे कलम करारात असलेच पाहिजे.

स्वस्त दराची किंमत

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विश्वस्तांना कमी दर आवडतो आणि पालकांनाही आवडतो. ते स्वाभाविक आहे. पण न्याय्य वाढ नाकारली म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त दुसरीकडे सरकतो. डिझेल उधार मिळत नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग थांबते काय? टायर बदलणे थांबते, ब्रेकची तपासणी लांबते, मदतनीस अर्ध्या पगारावर येते किंवा येईनाशी होते. सफाईच्या करारात तर बहुतेक खर्च पगाराचाच असतो. तेथे दर दाबला की तो थेट त्या बाईंच्या ताटातून जातो. म्हणून दर मंजूर करताना पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि जेथे लागू असेल तेथे भविष्यनिधी व कर्मचारी राज्य विमा यांची चलने मागावीत. १ जुलै २०१९ पासून राज्य विम्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के आहे. हा मालकाचा वाटा दरात धरलेला नसेल, तर तो दर स्वस्त नाही, अपुरा आहे.

तात्पर्य, मागितले म्हणून देऊ नये आणि वाचते म्हणून नाकारू नये. मोजावे, लिहावे, आणि ज्यांच्या पैशातून द्यायचे त्यांना दाखवावे. सूत्र दोन्ही बाजूंनी चालते : भाव चढला तर दर चढतो, भाव उतरला तर दर उतरलाच पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. वरील उदाहरणात डिझेल पुन्हा ९० रुपयांवर आले, पगार व देखभालीची वाढ मात्र तशीच राहिली. बसचा दर किती असावा? (उत्तर : वाढ २.७ टक्के, दर ७३,९४४ रु.)
२. घरी येणाऱ्या दूध, वर्तमानपत्र, केबल किंवा घरकाम यांपैकी एका सेवेचा दर गेल्या वर्षी का बदलला, ते आई-बाबांना विचारून पाच ओळींत लिहा. भाव बदलला होता की काम, हे अवश्य सांगा. आणि घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढला, हेही विचारायला विसरू नका.