यशवंतपूरच्या वाटेवर इंजिनचे कूलंट उतू जाणे : कारणे, तपासणीचा क्रम आणि उपाय

महाराष्ट्रातील कांद्याला दक्षिणेकडील बाजारपेठांमध्ये मागणी असते. त्यांपैकी बंगळूर शहरातील यशवंतपूर येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार ही महत्त्वाची पेठ होय. नाशिक परिसरातून तेथपर्यंतचा प्रवास सुमारे हजार किलोमीटरचा आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर असा हा मार्ग आहे. वाटेत वाहनाचे इंजिन तापून बंद पडले, तर केवळ दुरुस्तीचा खर्च होतो असे नाही. वारा न लागता उभ्या राहिलेल्या गाडीत गोणींमधील कांद्याला घाम सुटतो, सड वाढते आणि सौद्याची वेळ हुकते. म्हणून माल पाठविणारे शेतकरी, वाहनचालक आणि विस्तार कार्यकर्ते यांना शीतकरण यंत्रणेची प्राथमिक माहिती असणे आवश्यक आहे. मोटार, पिकअप आणि ट्रॅक्टर यांना हीच तत्त्वे लागू पडतात.

यंत्रणेचे कार्य

वॉटर पंप कूलंटला इंजिनमधून फिरवितो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद राहतो. तापमान साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर तो उघडू लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. तेथे हवेच्या झोताने ते निवते.

या यंत्रणेतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. ते केवळ तोंड बंद करीत नाही, तर आत सुमारे एक बार दाब धरून ठेवते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. एक बार अधिक दाबाखाली मात्र तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले, की हे संरक्षण नाहीसे होते आणि इंजिन निर्दोष असूनही कूलंट उतू जाते.

प्रसरण आणि बिघाड यांतील फरक

कूलंट तापल्यावर फुगते. दहा लिटर मिश्रण कामकाजाच्या तापमानाला पोहोचेपर्यंत साधारण अर्धा लिटरने वाढते. ही वाढ सामावण्यासाठीच टाकीत मोकळी जागा ठेवलेली असते. काठोकाठ भरलेल्या टाकीतून थोडे कूलंट बाहेर पडून पुढे पातळी स्थिर राहिली, तर तो बिघाड नव्हे. पातळी नेहमी इंजिन पूर्ण गार असताना, कमाल आणि किमान या दोन खुणांच्या दरम्यान असावी.

झाकण रेडिएटरवर आणि बाजूला साधी टाकी अशी रचना असेल, तर गार झाल्यावर कूलंट टाकीतून परत रेडिएटरमध्ये ओढले गेले पाहिजे. टाकी भरलेली परंतु रेडिएटर अपुरा आढळल्यास झाकणातील परतीची झडप अडकली आहे, जोडनळी तुंबली आहे किंवा कोठेतरी हवा शिरत आहे असे समजावे.

कूलंट कोठे उतू गेले?

तपासणीची सुरुवात या प्रश्नाने करावी.

१. महामार्गावर काटा स्थिर, परंतु नेलमंगलापुढे पीण्या ते यशवंतपूर या गर्दीच्या टप्प्यात वर चढतो : वेगात असताना वाहनाला समोरून वारा मिळतो. मुंगीच्या पावलाने चालताना सर्व भार पंख्यावर येतो. म्हणून पंख्याची मोटर, फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर किंवा पंख्याचा क्लच तपासावा.

२. गर्दीत ठीक, परंतु खंबाटकीसारख्या घाटात किंवा भरल्या वेगात तापते : रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता घटलेली असते. जाळीत धूळ, भुसा, कीटक किंवा कांद्याची टरफले अडकलेली असू शकतात. आतील नळ्यांत क्षार साचणे, पंपाचा पट्टा ढिला होणे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे हीदेखील कारणे संभवतात.

३. काटा योग्य जागी असूनही कूलंट बाहेर येते : प्रथम झाकण बदलून पाहावे. कूलंट नुकतेच बदलले असल्यास आत हवा अडकली असण्याची शक्यता मोठी असते.

४. गार इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी कडक होते आणि टाकीत सतत बुडबुडे येतात : ज्वलनकक्षातील वायू कूलंटमध्ये शिरत आहे. हेड गॅस्केट फुटणे किंवा हेडला तडा जाणे हे याचे मुख्य कारण होय. काही आधुनिक डिझेल इंजिनांत ईजीआर कूलरला तडा गेल्यानेही असे घडते.

कार्यशाळेतील खात्री

गार इंजिनवर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मूल्याइतका दाब द्यावा. दहा मिनिटांत तो उतरल्यास गळती आहे. बाहेर ओल दिसत नसेल, तर ती आत आहे. गॅस्केटच्या शंकेसाठी टाकीतील हवा निळ्या रासायनिक द्रावणातून ओढतात. ज्वलनवायू असल्यास द्रावणाचा रंग बदलतो. इंजिन ऑइल दुधाळ होणे आणि इंजिन तापल्यानंतरही धुराड्यातून पांढरा धूर येत राहणे ही पूरक लक्षणे आहेत. या चाचण्या होण्यापूर्वी हेड उघडण्यास संमती देऊ नये. स्वस्त झाकणाचा दोष महागड्या कामावर ढकलला जाण्याची शक्यता असते. उलट, चौथ्या प्रकारची लक्षणे दिसत असताना पाणी ओतत पुढे जाणे म्हणजे इंजिन गमावणे होय.

रस्त्यात काय करावे

काटा लाल खुणेकडे सरकू लागताच वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि वाहन सुरक्षित जागी थांबवावे. वाफ दिसल्यास किंवा काटा उतरत नसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. गरम झाकण कदापि उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते द्रव अंगावर उडते. किमान पाऊण तास थांबून, वरची नळी हाताला गार व मऊ लागल्यावर, जाड कापड धरून झाकण सावकाश सोडावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्यामुळे हेडला तडा जाऊ शकतो.

पाणी आणि कूलंट

विंधन विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. त्यातील क्षारांचा थर उष्णता अडवितो आणि नळ्या तुंबवितो. क्षारविरहित पाणी आणि कूलंट यांचे समप्रमाणातील मिश्रण गंजरोधक असून त्याचा उत्कलनांकही अधिक असतो. तयार मिश्रणात पुन्हा पाणी मिसळू नये. रंग सारखा आहे म्हणून दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. उत्पादकाने सुचविलेलाच प्रकार वापरावा.

एथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट गोडसर परंतु विषारी असते. ते गोठ्याजवळ, हौदाजवळ किंवा बांधावर सांडू नये. जुने कूलंट झाकणबंद डब्यात साठवून कार्यशाळेत द्यावे.

प्रस्थानापूर्वीची उजळणी

आदल्या दिवशी गार इंजिनवर पातळी, झाकणाचे रबर, नळ्यांचा फुगवटा, पट्ट्याचा ताण आणि रेडिएटरची जाळी पाहावी. जाळी शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या हवेने स्वच्छ करावी. पंखा चालू होतो की नाही हे उभ्या गाडीत तपासावे. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी हीच तपासणी रोज करावी. या कामाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपश्चात प्रशिक्षणात प्रतवारी आणि भरणीसोबत या विषयाचाही समावेश करावा, कारण चाळीत महिनोन्‌महिने सांभाळलेल्या कांद्याचे मोल अखेर तो वेळेवर बाजारात पोहोचण्यावरच ठरते.