पहार व तिचा टेकू

जालना येथील औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानें जातांना लोखंडी सळयांनीं भरलेल्या गाड्या दृष्टीस पडतात. भंगार भट्टींत वितळवून सळया करणारे पुष्कळ कारखाने तेथें आहेत. अशा सळईचा तुकडा घेऊन कोणी त्यासच पहार म्हणतो. यास्तव खरी पहार कोणती व ती कशी वापरावी, ह्याचा आज विचार करूं.

पहारीचें बळ मापांत आहे. भार, टेकू व हात ह्या तिहींच्या योजनेस तरफ म्हणतात. ग्रीक पंडित आर्किमिडीज ह्यानें २२०० वर्षांपूर्वीं तिचा नियम सिद्ध केला. समजा, पहार १५० सेंटिमीटर लांब असून टेकू टोंकापासून १५ सेंटिमीटरवर आहे. मग हाताकडील भाग १३५ सेंटिमीटर, म्हणजे नऊपट झाला. हातानें ४० किलोचा दाब दिला असतां टोंकाशीं ३६० किलोचा भार तोलला जातो. टेकू ३० सेंटिमीटरवर नेला तर बळ चौपटच उरतें, म्हणजे १६० किलो.

परंतु हें फुकट मिळत नाहीं. पहिल्या मापानें धोंडा ५ सेंटिमीटर उचलण्यास हात ४५ सेंटिमीटर खालीं न्यावा लागतो. म्हणून थोडें उचलावें, खालीं लांकडी ठोकळा सारावा, टेकू उंच करावा आणि पुन्हां दाबावें.

आतां सळईविषयीं. बांधकामाच्या सळईंत कर्ब थोडा असतो, कारण तिनें वांकावें पण तुटूं नये. घरास जो गुण, तोच पहारीस अवगुण होय. पहारीच्या पोलादांत कर्ब अधिक असतो, म्हणून लोहार टोंक घडवून त्यास पाणी देतो. सळई तापविली तर तिचें वरचें कठीण कवचहि जातें. अशी सळई ऐन वेळीं वांकते आणि धोंडा खालीं बसतो.

म्हणून बंधूंनो, धोंड्याखालीं बोटें कधींहि घालूं नका. ठोकळा सारावयाचा तो काठीनें सारा. पहारीवर स्वार होऊन दाबूं नका. बाजूस उभे राहा, कारण निसटली तर ती उसळते. टेकूस वीट नको, ती फुटते. पहारीचें डोकें ठोकून फुललें असेल तर घासून घ्या. त्याची कपची डोळा घेते. मजुराचीं दहा बोटें हीच त्याची जमीन होय.

शिक्षकांनीं हा पाठ काठी, खडा व एक वीट घेऊन शिकवावा, आणि टेकू सरकविल्यानें हातास काय फरक पडतो, तें प्रत्येकाकडून करवून घ्यावें.