‘मात्र’ आणि कोरियन ‘नुन’

पुढील वाक्ये वाचा :

(अ) आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. तालुक्याला त्याचे नाव राहिले.
(आ) आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. तालुक्याला त्याचे नाव मात्र राहिले.

घटना एकच आहे. ‘मात्र’ या अव्ययाने ‘नाव’ बुडालेल्या गावाच्या विरोधात उभे राहते आणि विस्थापितांची खंत व्यक्त होते.

कोरियन भाषेत असा विरोध ‘नुन’ हा प्रत्यय दाखवतो. व्यंजनान्त शब्दापुढे त्याचे रूप ‘उन’ होते. विरोध नसेल तेथे तो केवळ वाक्याचा विषय सांगतो. कर्त्यासाठी ‘इ/गा’ हे वेगळे प्रत्यय आहेत. म्हणून नवशिक्याने प्रत्येक कर्त्याला ‘नुन’ जोडू नये.

स्वाध्याय : जुन्नर व घोडेगाव यांची तुलना करणारे वाक्य ‘मात्र’सह आणि ‘मात्र’विना लिहा. अर्थात पडणारा फरक सांगा.